पंपावर पेट्रोल नाही

नकली रक्ताच्या कृती या आठवड्यात द्यायचं कबूल केलं होतं. त्या पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मागचा भाग वाचून ह्यूस्टनहून एका वाचकांचं पत्र आलं आणि ते वाचल्यावर 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' पुन्हा लावल्याशिवाय राहवेना. हे गृहस्थ निवृत्त ड्रिलिंग इंजिनिअर, उमेदीची सगळी वर्षं रिगवर काढलेले. ते लिहितात, "पोरांच्या गाडीतलं पेट्रोल संपणं हे भयपटांत नेहमीचंच. पण टेक्सासमध्ये पंपावरच पेट्रोल नाही? जिथे भोक पाडलं की तेल, तिथे? ही निव्वळ पटकथेची सोय आहे."

नाही, सोय नाही. उलट अख्ख्या चित्रपटात सर्वांत खरा प्रसंग कुठला असं मला कुणी विचारलं, तर मी करवत सोडून या पंपाकडे बोट दाखवीन.

प्रसंग जरा जवळून पाहू. पाच जणांची व्हॅन पंपावर लागते. पंपाचा म्हातारा मालक बाहेर येतो, टाकी रिकामी आहे म्हणतो. टँकर दुपारी उशिरा येईल, कदाचित उद्या सकाळीच. बोलण्यात जराही नाट्य नाही. महिनाभर रोज येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत आल्यासारखा त्याचा सूर आहे. जुन्या घरांच्या वाटेला जाऊ नका, असंही तो बजावतो. पेट्रोल नाही म्हणून पोरं त्याच्याकडून भाजलेलं मांस तेवढं विकत घेतात आणि अर्धवट टाकीवर आजोबांच्या पडक्या घराकडे निघतात. तिथून कर्क आणि पॅम पोहायच्या डोहाकडे जातात, तर डोह आटलेला. तेवढ्यात लांबून जनरेटरची धडधड ऐकू येते. कर्कचा हिशोब सरळ आहे: जनरेटर चालू आहे म्हणजे त्या घरात पेट्रोल असणार. थोडं मागून घेऊ, बदल्यात गिटार ठेवू, पैसे देऊ. तो दार वाजवतो. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणजे हा पोरगा मरतो तो पेट्रोल मागायला गेला म्हणून. झोपाळ्याखालून सरपटत जाणारा कॅमेरा, पॅमची पाठ आणि तिच्यासमोर हळूहळू आभाळाएवढं होत जाणारं ते पांढरं घर, हा डॅनियल पर्ल यांचा गाजलेला शॉट फिल्म शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात दाखवतात. तोही पेट्रोलच्याच वाटेवरचा आहे: पेट्रोल आणायला गेलेला मित्र परत का आला नाही, हे बघायला ती निघालेली असते.

आणि आता या खेपेला माझ्या नजरेत भरलेली गोष्ट. त्या पाच जणांपैकी सॅली रात्री जीव वाचवत पळते ती त्याच पंपावर. मालक तिला आसरा देतो, मग बांधून पोत्यात घालतो आणि स्वतःच्या पिकअपमध्ये टाकून त्याच घरी नेतो. पिकअप मस्त चालते! घरचा जनरेटर दिवसभर चालतो, घरात करवत चालते, ती पेट्रोलवरचीच. पेट्रोल नाही ते फक्त गिऱ्हाइकाला. ज्याच्या हातात पंप, त्याच्या घरी तुटवडा नाही.

इंजिनिअरसाहेब, तुम्ही त्या धंद्यातले आहात, तेव्हा १९७३ चा तो उन्हाळा आठवा. अरब देशांची तेलबंदी ऑक्टोबरमधली, आणि हे चित्रीकरण जुलैच्या मध्यावर सुरू होऊन ऑगस्टच्या मध्यावर संपलं, त्यामुळे पटकथेत तेलबंदी असणं शक्यच नव्हतं. पण टंचाई आधीच सुरू झाली होती. अमेरिकेचं उत्पादन १९७० मध्ये दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर जाऊन उतरणीला लागलं होतं. शेल कंपनीतले भूवैज्ञानिक किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये हे भाकीत सांगितलं होतं, आणि तेही टेक्सासमध्येच, सॅन अँटोनियोच्या एका बैठकीत तेल कंपन्यांच्याच लोकांसमोर. 'टेक्सास रेलरोड कमिशन' हे नावाने रेल्वेचं आणि कामाने तेलाचं सरकारी मंडळ. कुणी किती तेल उपसायचं याचं माप तेच ठरवायचं. भाव कोसळू नये म्हणून विहिरी मुद्दाम अर्ध्यामुर्ध्या चालवण्याची रीत अनेक दशकं पाळली गेली. मार्च १९७२ मध्ये या मंडळाने सांगितलं, आता शंभर टक्के उपसा. म्हणजे हाताशी राखून ठेवलेलं काही उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आयातीवरची कोट्याची बंधनं काढली, तरी त्या उन्हाळ्यात मोठ्या कंपन्यांशी न बांधलेले कितीतरी छोटे पंप कोरडे पडत होते, काही बंद होत होते. चित्रपटातला पंप नेमका तसा आहे: हमरस्त्यापासून दूर, एकट्याचा.

टंचाई खरी की बनावट, हा तेव्हा घरोघरचा वाद होता. कंपन्या माल दडवून ठेवतात, असं सामान्य माणसाला मनापासून वाटत होतं. त्याच जुलैत फेडरल ट्रेड कमिशनने देशातल्या आठ सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांविरुद्ध मक्तेदारीची तक्रार दाखल केली. (ती वर्षानुवर्षं रेंगाळून १९८१ मध्ये काढून टाकली गेली.) टोबी हूपर आणि किम हेन्केल यांनी पटकथा लिहिताना हा संशय मुद्दाम घातला असं मी म्हणत नाही. पण गिऱ्हाइकाला 'टाकी रिकामी आहे' सांगून स्वतः भरल्या टाकीची गाडी चालवणारा म्हातारा त्या संशयातूनच उभा राहिलेला दिसतो. पहिल्या पाच मिनिटांतला रेडिओही कान देऊन ऐका. थडगी उकरल्याच्या बातमीला लागून तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या आगीची बातमी येते.

आता तारखांकडे वळतो. चित्रीकरण सुरू होऊन दोनच दिवस झाले होते, १७ जुलैला वॉशिंग्टनमध्ये सिनेटपुढे अलास्काच्या तेलवाहिनीचा प्रश्न आला. प्रुडो बे इथलं प्रचंड तेलक्षेत्र १९६८ मध्ये सापडलं होतं. पण १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सँटा बार्बराच्या किनाऱ्यावर समुद्रातली विहीर फुटली, काळ्या तवंगात माखलेले पक्षी देशाने टीव्हीवर पाहिले, आणि १९७० च्या पहिल्याच दिवशी निक्सन यांनी पर्यावरणाचा नवा कायदा सहीनिशी अमलात आणला. त्या कायद्याच्या जोरावर तेलवाहिनी कोर्टात अडकली. ती सोडवण्यासाठी दुरुस्ती आली: या प्रकल्पाला त्या कायद्याखाली आणखी आव्हान देता येणार नाही. मतं पडली ४९ विरुद्ध ४९. उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी निर्णायक मत टाकलं आणि दुरुस्ती मंजूर झाली. नोव्हेंबरात, म्हणजे तेलबंदीनंतर, निक्सन यांनी १९८० पर्यंत ऊर्जेत स्वयंपूर्ण होण्याचा 'प्रोजेक्ट इंडिपेंडन्स' जाहीर केला आणि आठवडा-दीड आठवड्यात तेलवाहिनीच्या कायद्यावर सही केली.

तिकडे सिनेटर आपल्या जमिनीत खोदायचं की नाही यावर समसमान विभागलेले आणि इकडे राऊंड रॉकच्या रखरखीत उन्हात सोळा मिलिमीटरचा कॅमेरा घेतलेली ऑस्टिनची तरुण मंडळी, सुरुवातीच्या ६०,००० डॉलरांवर, कुजणाऱ्या मांसाचा वास सहन करत, त्याच प्रश्नाचं दुसरं टोक चित्रित करत होती. एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नव्हती. कमी पैशांच्या भयपटावर माझा जीव आहे तो यासाठीच. त्याला सेट उभारता येत नाही, भाड्याने जग आणता येत नाही. जे आसपास आहे तेच कॅमेऱ्यात येतं, आणि १९७३ मध्ये टेक्सासच्या आडरस्त्यावर आसपास होता तो कोरडा पंप.

पत्रातला दुसरा मुद्दा तक्रारीचा आहे: हे चित्रपटवाले ड्रिलिंग करणाऱ्यांना राक्षस ठरवतात. इथे मात्र तुमचं म्हणणं पूर्णपणे उडवून लावता येत नाही. तुमचा रोख लॅरी फेसेन्डेन यांच्या 'द लास्ट विंटर' (२००६) वर आहे, हे उघड आहे. टेक्सासच्या चित्रपटातली भीती तेल संपण्याची. यातली भीती तेल काढण्याची. या दोन चित्रपटांत मिळून अमेरिकेतला देशी तेलाचा अख्खा वाद मावतो, असं माझं ठाम मत आहे.

पैशांच्या हिशोबाने 'द लास्ट विंटर'ला हौशी म्हणता येणार नाही. रॉन पर्लमन आणि कॉनी ब्रिटन त्यात आहेत. पण फेसेन्डेन हौशींच्याच आळीतले. व्हिडिओवर केलेली 'हॅबिट' ही गोष्ट त्यांनी नव्वदच्या दशकात फिल्मवर पुन्हा केली, मुख्य भूमिका स्वतःच, समोरचा दात खरोखरच नसलेल्या तोंडाने. चित्रीकरणात कचरा, इंधन आणि रसायनं कशी वाचवावीत यावर त्यांनी 'लो इम्पॅक्ट फिल्ममेकिंग' नावाची पुस्तिकाही लिहिली. त्यामुळे त्यांचा पक्ष कुठला हे लपलेलं नाही.

तरी चित्रपट पाहा. अलास्काच्या आर्क्टिक अभयारण्यात तेल कंपनीची छोटी तुकडी तळ ठोकून आहे. जड यंत्रं आणायला बर्फाचा रस्ता करायचा आहे आणि थंडी पुरेशी पडत नाही. तुकडीचा प्रमुख पोलॅक वैतागलेला. पर्यावरणाची पाहणी करायला आलेला हॉफमन सही द्यायला तयार नाही. शेवटाकडे जे संगणकी प्राणी दिसतात ते मला आजही पटत नाहीत, ते नसते तर चित्रपट दुप्पट चांगला झाला असता. भीती वाटते ती त्या तापमापकाची.

आणि तापमापक खरा आहे. उत्तर अलास्कात टुंड्रावर जड गाड्या घालायची परवानगी सरसकट मिळत नाही. तेव्हाचा नियम होता बारा इंच गोठलेली जमीन आणि वर सहा इंच बर्फ. १९७० च्या सुमारास वर्षातले दोनशेहून अधिक दिवस असे मिळत. नव्या शतकाच्या सुरुवातीला ते निम्म्यावर आले. रिगवाल्यांनीच ही घट अंगावर सोसली, कारण हंगाम त्यांचाच आखडत होता. म्हणून पोलॅक मला राक्षस वाटत नाही. मुदत गाठायची आहे, वरून फोन येताहेत आणि पायाखालची जमीन घट्ट होत नाही, असा तो तुमच्याच पेशातला माणूस आहे.

चित्रपटात ऐंशीच्या दशकात खणून सील केलेली एकुलती एक चाचणी-विहीर आहे आणि कंपनीचं नाव 'केआयके'. अभयारण्याच्या किनारी पट्ट्यातही आजवर एकच विहीर खणली गेली: १९८५-८६ च्या हिवाळ्यांत, काक्टोविकच्या इनुपियाट लोकांच्या कॉर्पोरेशनच्या जमिनीवर, शेव्हरॉन आणि बीपी यांनी. तिचं नाव केआयसी-१. मला हा योगायोग वाटत नाही. खाली काय सापडलं हे कंपन्यांनी कुलपात ठेवलं. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की निकाल निराशाजनक होते. तीन दशकं दोन्ही बाजूंनी जिच्या पोटात काय आहे हे न कळता भांडण चाललं, ती विहीर भयपटात यायलाच हवी होती.

चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, २००५ च्या डिसेंबरात, अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी अभयारण्यात ड्रिलिंगची तरतूद संरक्षण खर्चाच्या विधेयकाला जोडली होती. भांडायच्या दिवशी ते हल्कचं चित्र असलेला टाय घालून येत. साठ मतं हवी होती, ती मिळाली नाहीत.

फेसेन्डेन जिथे कमी पडतात ते माणसांच्या बाबतीत. अभयारण्याच्या दक्षिणेचे ग्विचिन लोक कॅरिबू हरणांवर जगतात. हरणी विते ती याच किनारी पट्ट्यात, म्हणून त्यांच्यासाठी ती जागा पवित्र आणि ड्रिलिंगला त्यांचा कडवा विरोध. काक्टोविकमधल्या इनुपियाट लोकांपैकी अनेकांना मात्र तेल हवं आहे, कारण शाळा, दवाखाना, नळ हे सगळं तेलाच्या करातून आलं. देशी तेलाच्या वादात आतून भांडणारे दोन शेजारी आहेत. चित्रपटात यातलं जवळजवळ काही नाही. हा विषय एखाद्या काक्टोविकच्या मुलानेच फोन हातात घेऊन करावा, असं मला फार वाटतं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. २०१७ च्या करकायद्याने अभयारण्याचा किनारी पट्टा ड्रिलिंगला खुला झाला. ६ जानेवारी २०२१ ला पहिला लिलाव झाला, त्यात मोठी एकही तेल कंपनी उतरली नाही. बहुतेक तुकडे अलास्का सरकारच्याच एका महामंडळाने घेतले. २०२५ च्या जानेवारीत दुसरा लिलाव पुकारला, तेव्हा एकही बोली आली नाही. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसने आणखी चार लिलाव घेणं कायद्याने बंधनकारक केलं.