टिटवीची अंडी आणि लोणारचा काठ

मृग तोंडावर आला की आपल्याकडचा शेतकरी टिटवीची अंडी पाहतो. नाल्याच्या पात्रात असली तर पाऊस बेताचा, उंचवट्यावर असली तर भरपूर. अंदाज चुको वा साधो, पाहण्याची सवय मोलाची. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराला आज तीच नजर हवी आहे.

काळ्या बसाल्टात उल्कापाताने पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर धारेचे गोड पाणी, तळाशी खारे सरोवर. २००० साली ते अभयारण्य झाले. २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाने फोटो पाहिले. त्याच वर्षी ४२७ हेक्टरचे हे क्षेत्र पाणथळींच्या रामसर यादीत गेले. त्या नोंदीत पक्ष्यांच्या १६० जाती आहेत.

पण जाती मोजणे वेगळे आणि घरटी मोजणे वेगळे. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत मुख्यतः थंडीचे पाहुणे सापडतात. चक्रवाक उन्हाळ्याआधी निघून जातो. टिटवी, शेकाट्या, टिबुकली हे आपल्याच पाणथळींवर पिले वाढवणारे पक्षी, आणि जागा बिघडली की आधी त्यांची पिले कमी होतात.

टिटवीचे घरटे म्हणजे मातीतला उथळ खळगा, भोवती थोडे खडे, आत बहुधा चार मळकट, काळ्या ठिपक्यांची अंडी. पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. भर उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते.

तिला उघडा काठ लागतो. वेडी बाभूळ माजली की तो जातो, म्हणून ती काढायलाच हवी. पण त्याच झुडपात बुलबुल, होले घरटी करतात. ऐन विणीत कुऱ्हाड चालवली तर ती जातात. पाणी चढले तर काठावरची अंडी बुडतात. तेव्हा तोडणी कधी, वाट कुठून, हे घरट्यांची नोंद पाहून ठरावे. मार्च ते ऑगस्ट, ठरलेली वाट, सकाळची ठरलेली वेळ, जोड्या किती, अंडी किती, उडालेली पिले किती: काम एवढेच, पण दरवर्षी न चुकता. एका वर्षाच्या आकड्याला अर्थ नाही. लोणारच्या शाळा-महाविद्यालयांतली मुले वनविभागाच्या सोबतीने हे सहज करतील.

उन्हाळ्यात विवरात उतरलात आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर पुढे जाऊ नका. आल्या पावली मागे फिरा.