रात्री घरात एकटं झोपताना

नवऱ्याची रात्रपाळी सुरू होते. मुलगी नोकरीसाठी परगावी भाड्याच्या खोलीत राहायला जाते. जोडीदार गेल्यावर तेराव्यानंतर पाहुणे आपापल्या गावी परततात. अशा वेळी चांगल्या कर्त्यासवरत्या माणसाच्या लक्षात येतं, की आपण आजवर घरात एकटे कधी झोपलोच नाही. आपल्याकडे लहानपणी आजीच्या कुशीत, मग भावंडांच्या रांगेत, मग संसारात, अशीच झोपेची सवय लागते. त्यामुळे साठीतल्या बाईला एकटीने झोपायची भीती वाटली तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. ही भीती कशी चालते ते नीट कळलं, तर ती कमीही करता येते.

अंधारात डोळ्यांना काम उरत नाही आणि सगळी भिस्त कानांवर येते. अंधारात माणूस उजेडापेक्षा जास्त जोरात दचकतो, हे प्रयोगांत मोजलं गेलं आहे. नवी जागा असेल तर आणखी एक गोष्ट घडते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ साली असं दिसलं, की परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीकसा आवाजही टिपत राहतो. पहिल्या रात्री डोळा लागला नाही तर त्यावरून पुढच्या रात्रींचा अंदाज बांधू नये, तो एवढ्यासाठी.

मग आवाज ऐकू येऊ लागतात. त्यातले बरेचसे दिवसाही असतात, फक्त रहदारीत बुडून जातात. दिवसभर तापलेले छताचे पत्रे रात्री निवताना आक्रसतात आणि टक्‌ टक्‌ वाजतात. लाकडी कपाट असंच करकरतं. फ्रिजचा कंप्रेसर बंद होताना सबंध फ्रिज खडखडून थांबतो. कोकणात कौलांवर कुणीतरी चालल्यासारखं वाटतं, तो बहुतेक वेळा कांडेचोर असतो, म्हणजे उदमांजर. एखाद्या संध्याकाळी सोबत कुणी असताना दिवे मालवून शांत बसा आणि कोणता आवाज कुठून येतो ते शोधून ठेवा. ओळखीच्या आवाजाने माणूस सहसा दचकत नाही.

खरी मेख पुढे आहे. आवाज आला, छाती धडधडली, की आपण उठतो, कडी तपासतो, सगळे दिवे लावतो, टीव्ही सुरू करतो किंवा बहिणीला फोन करतो. लगेच हायसं वाटतं. पण मेंदू त्यातून एवढंच शिकतो, की धोका होता आणि कडी तपासली म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी एकदा तपासून भागत नाही. शेजारच्या मुलीला रोज सोबतीला बोलावण्याचंही तेच होतं. पहिले काही दिवस सोबत जरूर घ्यावी, दुःख ताजं असताना तर घ्यावीच. पण ती कायमची झाली की भीतीला उतरायची संधीच मिळत नाही.

कारण भीती चढते तशी उतरतेही. अंगातली ती उसळी शरीर रात्रभर टिकवून धरू शकत नाही. पळून न जाता थांबलं, की श्वास संथ होतो, तळवे कोरडे होतात. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४च्या सुमारास पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली ती टप्प्याटप्प्याने, ससा थोडा थोडा जवळ आणून. इथेही तोच मार्ग. आधी सोबतीचं माणूस शेजारच्या खोलीत झोपवावं, मग आठवड्यातून एखादी रात्र एकट्याने काढावी, मग दोन. दिवाही एकदम बंद न करता आधी बाहेरच्या खोलीतला ठेवावा, नंतर झिरोचा. एका पायरीवर मन रमलं, की मगच पुढची. घाई केली तर माघार घ्यावी लागते.

निजण्यापूर्वी कड्या, गॅस, खिडक्या एकदाच पाहाव्यात, तेही मोठ्याने म्हणत: ‘कडी लावली.’ कडीच खिळखिळी असेल तर मनाला समजावत बसू नका, सुतार बोलवा. शेजाऱ्यांचा नंबर हाताशी असावा. अंथरुणात साधारण वीस मिनिटं तळमळ झाली तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचावं आणि डोळे जड झाले की परत यावं. फोन मात्र नको, आणि झोपताना गुन्हेगारीच्या मालिका तर नकोतच.

कुणाला मध्यरात्री जाग येते, हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. ते सैलपण ओसरण्याआधी जाग आली की असं होतं, आणि काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते सुटतं. अपुरी झोप आणि उताणं झोपणं यांनी ते वाढतं, म्हणून कुशीवर झोपावं.

झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. घरात चोरी, मारहाण असं काही खरोखर घडून गेल्यावर ही भीती बसली असेल, किंवा आठवडेच्या आठवडे झोप नसेल, तर एकट्याने झुंजत बसू नका. भारत सरकारची ‘टेलीमानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य बोलता येतं, आणि मराठीतही.