तिजोरीचे कुलूप नक्की काय करते?

तिजोरीचे दार जाड असते म्हणून ती सहज फुटत नाही, हे खरे. पण दार बंद ठेवतात ते आतले पोलादी अडसर. हँडल फिरवले की ते चौकटीत शिरतात. कुलूप त्या मानाने लहानसेच असते. अडसरांना मागे सरकू द्यायचे की नाही, एवढेच त्याच्या हाती असते.

वडिलांची बदली तंजावरला झाल्यापासून मी सुट्टीत तिथे जातो. तिथून साधारण दीडशे किलोमीटरवर दिंडिगुल आहे. तिथली हाताने बनवलेली कुलुपे इतकी नावाजलेली, की २०१९ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ती लिव्हरवर चालतात, आणि किल्लीच्या तिजोरीतही बहुधा हेच तत्त्व असते. आत पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येकीला एक खाच असते. किल्लीचा एकेक दाता आपापली पट्टी उचलतो आणि सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच बोल्टवरची खुंटी त्यांतून सरकते. पट्टी कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. म्हणजे 'सात लिव्हरचे कुलूप' म्हणजे एकाच वेळी पाळायच्या सात अटी.

इंग्लंडमध्ये चब यांनी १८१८ साली यात एक युक्ती घातली. एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली गेली की ती अडकून बसे. मग खरी किल्लीही लगेच चालत नसे आणि मालकाला कळे, की कोणीतरी हात लावला आहे. हे कुलूप १८५१ साली हॉब्ज या अमेरिकन कारागिराने सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवले. तरी ते फुकट गेले असे मला वाटत नाही. २५ मिनिटांत गस्तीची फेरी येऊन जाते!

आकड्यांच्या कुलपात किल्ली नसते. तबकडीमागे तीन-चार चकत्या असतात, प्रत्येकीला एक खाच. बरोबर आकडे फिरवले की खाचा जुळतात आणि वरची दांडी त्यांत पडते. १०० आकडे आणि ३ चकत्या म्हणजे १० लाख जुळण्या. प्रत्यक्षात मात्र कमी. अणुबाँब बनत होता त्या लॉस अलामॉसमध्ये फाइनमन या शास्त्रज्ञाने पाहिले, की तिथल्या कुलपांना आकडा दोन घरे इकडेतिकडे झालेला चालतो. मग प्रत्येक चकतीचे २०च आकडे तपासायचे, म्हणजे ८,००० जुळण्या. एका सहकाऱ्याचा आकडा तर त्याने अंदाजानेच काढला: २७-१८-२८. गणितातली 'ई' ही संख्या २.७१८२८ अशी सुरू होते, ती सगळ्यांना पाठ! आणि तिथल्या एका कॅप्टनने मोठ्या खटपटीने आणवलेल्या भक्कम तिजोरीचा आकडा कारखान्यातून आला तसाच ठेवलेला निघाला.

हल्लीच्या बटणांच्या कुलपांत चुकीचा आकडा काही वेळा दाबला की कुलूप थोडा वेळ कोणाचेच ऐकत नाही. बँकांतील वेळेच्या कुलपात घड्याळ असते. ठरलेली वेळ होईपर्यंत मॅनेजरलाही दार उघडता येत नाही, त्यामुळे त्याला धमकावून उपयोग नाही. सरकारी कोषागारात दुहेरी कुलूप असते, दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे. आपल्या कोतच्या किल्ल्या कोणाकडे असतात, ते इथे छापणे बरे नाही.

किल्ली धरणारा हात कोणाचा, हे मात्र कुलपाला कळत नाही. म्हणून कुलपावर लाखेची मोहोर करतात. मोहोर अडवत काहीच नाही, पण तुटली की सांगते. तंजावरात अशी मोहोर उलट्या बाजूने लागली. शेवटचे भोसले राजे शिवाजी १८५५ मध्ये मुलगा नसताना वारले. पुढच्या वर्षी कंपनीचा अधिकारी फोर्ब्ज सैनिक घेऊन आला, मालमत्तेवर मोहरा केल्या आणि पहारे बसवले. राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. मद्रासच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला: हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. बरीचशी मालमत्ता राण्यांना परत देण्याचा हुकूम १८६२ साली शेवटी सरकारनेच काढला.