‘एस’ची शेपटी

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आलाय. ‘प्लीज सेंड मी द इन्फर्मेशन्स’ असे मेल धडाधड जाताहेत. पाठवणाऱ्याचा विषय पक्का असतो, पण वाचणारा पहिल्याच ओळीत अडखळतो. कारण काय, तर एक फालतू ‘एस’!

शाळेतला नियम सोपा होता. मोजता येतं ते काउंटेबल, नाही येत ते अनकाउंटेबल. पण मग फर्निचरचं काय? घरातल्या खुर्च्या तर बोटांवर मोजता येतात की! गोची इथेच आहे. ‘चेअर’ म्हणजे एक नग, ‘फर्निचर’ म्हणजे सगळं मिळून. म्हणून ‘चेअर्स’ चालतं, ‘फर्निचर्स’ नाही.

मराठीतही हे आहेच. एसटीत चढताना आपण ‘तीन सामानं’ म्हणत नाही, ‘सामानाचे तीन नग’ म्हणतो. इंग्रजीतलं ‘थ्री पीसेस ऑफ लगेज’ म्हणजे नेमकं तेच.

घोटाळा होतो तो दोन भाषांचे हिशेब जुळत नाहीत तिथे. आपण तांदूळ निवडले, केस कापले, बातम्या ऐकल्या, सल्ले दिले म्हणतो. सगळं अनेकवचनी. इंग्रजीत मात्र राइस, हेअर, न्यूज, अ‍ॅडव्हाइस सहसा एकवचनीच. न्यूजला ‘एस’ची शेपटी असूनही ‘द न्यूज इज गुड’च!

काही शब्द तर डबल रोल करतात. नोकरीतला अनुभव म्हणजे ‘एक्सपिरियन्स’, पण ट्रेकमधले भन्नाट अनुभव ‘एक्सपिरियन्सेस’. रिझ्युमेत ‘टू इयर्स ऑफ वर्क एक्सपिरियन्स’च लिहायचं.

मग लक्षात कसं ठेवायचं? शंका आली की लर्नर्स डिक्शनरी उघडा. नामापुढे ‘सी’ असेल तर काउंटेबल, ‘यू’ असेल तर अनकाउंटेबल. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी खास शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. तोच पुढे ऑक्सफर्डची अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी झाला. म्हणजे या अडचणीत तुम्ही एकटे नाही!

तोवर मेल पाठवण्याआधी इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, नॉलेज, इक्विपमेंट आणि फीडबॅक या पाच शब्दांच्या शेपट्या तपासा. ‘एस’ दिसला की उडवा.

हा आमचा फुकटचा सल्ला. पण त्याला ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ म्हणू नका हं, ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ म्हणा!