आधी आरसा, मग मशीन

पहाटे ५.३०
सुरगाण्याची जानेवारीतली थंडी. अंगणात शेकोटी पेटलीय, पण दादांची खाट तिच्यापासून चांगली सहा हात लांब. कमरेखाली चटका कळत नाही. एका थंडीत पावलाला फोड आले, ते रात्री मोजे काढताना दिसले. भरायला होळी उजाडली. दादा पूर्वी आंबे उतरवताना झाडावरून पडले, मणका मोडला. पाय गेले, शिलाई राहिली.

५.४५
साबणाने हात धुऊन नळी. लघवी भरल्याचं कळत नाही, म्हणून घड्याळ बघून काढायची, दर चार ते सहा तासांनी. अर्ध्या लिटरच्या वर साठू द्यायची नाही, मूत्रपिंडावर येतं. म्हणून पाणी तोडावं, तर तेही नाही, जंतू धरतात. तांब्याच्या मापाने, दिवसभर वाटून प्यायचं.

६.१५
आरसा. दाढीचा, बांबूच्या काठीला सुतळीने बांधलेला. कुशीवर वळून दादा माकडहाड बघतात, बैठकीची हाडं, मग टाचा. लाल डाग दिसला की वहिनी बोटाने दाबतात. दाबल्यावर फिका पडला, सोडल्यावर पुन्हा लाल झाला, तर ठीक. दाबूनही तसाच राहिला, तर त्या जागेवर भार द्यायचा नाही. म्हणजे बसायचं नाही. म्हणजे मशीन बंद, रोज बुडाला. वहिनींनी एकटीने बघितलेलं दादांना चालत नाही. “जखम माझी, मला दिसली पाहिजे.”

आज कातडी साफ आहे.

६.४०
साडीच्या काठाची पट्टी पावलात अडकवून दादा स्वतःकडे ओढतात. टाचेमागची शीर ताणली गेली की तीस आकडे. मग गुडघा दुमडायचा, सरळ करायचा. मध्येच पाय आपोआप उडतो. तेव्हा जोर करायचा नाही, निवू द्यायचा. यातून पाय चालायला लागणार नाहीत, हे दोघांनाही माहीत आहे. पण सांधे आखडले तर खुर्चीतही नीट बसता येणार नाही. माझ्या ओळखीतले पैसे भरून जिमला जाणारे लोक इतके नेमाने जात नाहीत.

८.००
नागलीची भाकरी, उडदाची आमटी. खाटेवरून खुर्चीत जायला घोटून गुळगुळीत केलेली फळी आहे. आधी खुर्चीचा ब्रेक, मग फळी, मग हातावर अंग उचलून सरकायचं. घासटत गेलं की कातडी सोलते.

९.००
दुकान म्हणजे घराचीच पडवी. मशीनला मोटर आहे. तिचं पायाने दाबायचं पॅडल दादांनी टेबलावर घेतलंय. डाव्या कोपराने दाबतात. साध्या ब्लाउजची शिलाई १२० रुपये, फॉल-पिकोचे ६०, पँटची उंची कमी करायची तर ३०. लग्नसराई आहे, तीन ब्लाउज आजच हवेत.

एक बाही लागली की मशीन थांबतं. दादा पुढे वाकून छाती टेबलाला टेकवतात, बूड हलकं होतं. दोनेक मिनिटं तसेच. मग दुसरी बाही. पूर्वी हातांवर अंग उचलून धरायचे. खांदे दुखायला लागले तेव्हा वाकण्यावर आले. “पाय गेले ते गेले. खांदे गेले तर कोण पोसणार?”

गिऱ्हाईक बाई उभी असली तरी हे चुकत नाही. बायाही आता थांबतात.

दुपारी १२.४०
लाईट गेली. चाकाला हँडल लावलं. उजव्या हाताने फिरवायचं, डाव्याने कापड सरकवायचं. वेग निम्मा, दर तोच.

४.००
पंक्चरवाल्याकडची जुनी सायकल ट्यूब पडवीच्या खांबाला बांधलीय. दोन्ही टोकं धरून मागे ओढायची, पाठीची पाती जवळ येईपर्यंत. खुर्ची ढकलताना सगळा जोर पुढच्या स्नायूंना येतो, मागचे ढिले पडतात. नाशिकच्या फिजिओथेरपीवाल्यांनी दाखवलेलं. नाशिक सुमारे ९० किलोमीटर. अपंगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण खुर्चीसकट चढवायला दोन माणसं लागतात. म्हणून ट्यूब.

५.१५
रस्त्यावर चक्कर. मुरमात पुढची छोटी चाकं रुततात, मागच्या चाकांवर तोल घ्यावा लागतो. शाळेतली पोरं ‘चंदू चॅम्पियन’ म्हणून हाक मारतात. मुरलीकांत पेटकरांवरचा तो सिनेमा २०२४ चा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेला हा सांगलीकडचा जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला ५० मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आला. दादा पोरांना म्हणतात, “आधी हा चढ ढकला, मग पदक द्या.” दोघं ढकलतात. दादा चाकांवरचे हात काढत नाहीत. चढावर पोरं कधी सोडतील, नेम नाही.

रात्री ८.३०
वही. तीन ब्लाउज ३६०, एक फॉल-पिको ६०, दोन पँटी ६०. एकूण ४८०. दोरा, अस्तर, सुया ७० वजा. नळ्या आणि हातमोजे महिन्याच्या खर्चात वेगळे; ते संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांतून. ती रक्कम आधी १५०० होती, आता २५००.

९.१५
अर्धा तास पालथं झोपायचं, दिवसभर दुमडलेली कंबर सरळ व्हायला. तेवढ्यात वहिनी हवेच्या गादीला पंप मारतात. पावसाळ्यात ती फुटली होती. नवी घेण्याऐवजी त्याच पंक्चरवाल्याने ठिगळ मारलं, २० रुपयांत. ठिगळाची जागा पायांकडे येईल अशी गादी फिरवून घालतात. मोबाईलला कूस बदलायचे गजर लागलेत. पहिला साडेअकराचा.