देवाच्या जागी घोडा

१९९६ साली महात्मा गांधींचे चित्र असलेल्या शंभराच्या नव्या नोटा आल्या, तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. पेन्शन घ्यायला आलेल्या आजींनी नोट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "साहेब, गांधीबाबा थोरच, पण मला आपली सिंहाचीच द्या. ती ओळखीची आहे." आम्ही सगळे हसलो. निवृत्तीनंतर जुन्या नाण्यांचा नाद लागला, तेव्हा आजींचे म्हणणे किती प्राचीन होते ते उमगले.

आमू दर्याच्या काठचा बॅक्ट्रिया म्हणजे आजचा उत्तर अफगाणिस्तान आणि त्याला लागून असलेला उझबेकिस्तान-ताजिकिस्तानचा भाग. अलेक्झांडरनंतर तिथे ग्रीक राजे नांदले. त्यांच्या नाण्यांवर राजाचा चेहरा असे आणि केसांभोवती बांधलेली फीत. राजेपणाची खूण ती एवढीच. डेमेट्रियसने मात्र हत्तीच्या मस्तकाचे शिरस्त्राण चढवले, तर युक्रेटायडीसच्या शिरस्त्राणाला बैलाचे शिंग आणि कान आले. जनावराचे बळ राजाच्या डोक्यावर!

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात युएची या भटक्या टोळ्यांनी हा मुलूख घेतला. पण त्यांनी लगेच आपला चेहरा छापला नाही. हेलिओक्लीस या ग्रीक राजाच्याच नाण्यांच्या नकला पाडल्या. हळूहळू चेहरा ओबडधोबड झाला, ग्रीक अक्षरे बिघडली. नाणे मात्र चालत राहिले, कारण बाजाराची नजर त्याला सरावलेली होती. मग काही तांब्याच्या नाण्यांवर, मागच्या बाजूला, झ्यूस देवाच्या जागी घोडा येऊन उभा राहिला. घोड्यावर जगणाऱ्यांनी केलेली ती सहीच म्हणायची.

पुढे त्यांच्यातूनच कुशाण उदयाला आले. विम कडफिसेसने सोन्याची नाणी पाडली. पुढे राजा, त्याच्या खांद्यांतून निघणाऱ्या ज्वाला. मागे शिवरूपी देव आणि नंदी. आता उसन्या चेहऱ्याची गरज उरली नव्हती.

आपल्याकडेही असेच घडले. शकांचे मूळ मध्य आशियातले. त्यांच्यातल्या नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का उमटवला होता. नाणी वितळवली नाहीत. शत्रूच्या मुखवट्यावरच आपली मोहोर मारली.

राज्य एका लढाईत जिंकता येते. पत मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपावी लागते. त्या दिवशी मी आजींना ड्रॉवरमधून शोधून सिंहाच्याच नोटा दिल्या होत्या. बरे केले, असे आता वाटते.