मुळशीचं पाणी, कुंडलिकेची धार

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर सगळं झालंय, आता गटाची सहल कुठं न्यायची, असा प्रश्न मागच्या बैठकीत निघाला. एकीच्या लेकीनं मोबाईलवर कोलाडचं राफ्टिंग दाखवलं. निम्म्या जणी हसल्या, निम्म्या गप्प बसल्या. कारण सांगायला नको. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. म्हणून आम्ही खर्चाच्या आधी जिवाचा हिशोब मांडला.

कोलाड रायगड जिल्ह्यात, रोहा तालुक्यात. तिथली नदी कुंडलिका. गंमत अशी की तिच्यात धावणारं बरंचसं पाणी आपल्याकडचं आहे! मुळशीचं धरण मुळा नदीवर, आणि मुळेचं पाणी एरवी भीमेला मिळून उजनीत यायचं. पण टाटांनी ते सह्याद्रीच्या पलीकडं वळवलं. भिऱ्याच्या वीजघरात त्यावर वीज होते आणि मग ते कुंडलिकेत सुटतं. या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्यात पुढं होते. आपण टँकरची वाट बघतो आणि तिकडं त्याच पाण्यावर होड्या चालतात, हे ऐकून आमच्यातल्या दोघी चिडल्याच. चिडणं बरोबर आहे, पण तो विषय वेगळ्या दिवशी.

मुद्दा असा की धार पावसावर नाही, सुटलेल्या पाण्यावर अवलंबून. पाणी बहुतेक सकाळी सोडतात. ते सुटलं नाही तर नुसते दगड. म्हणून आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पोचायचं आणि फोनवर विचारून घ्यायचं, “उद्या पाणी सुटणार का? नाही सुटलं तर पैसे परत मिळतील का?” मुसळधार पावसाचे दिवस पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टाळावेत. नदीच्या धारेची प्रतवारी एक ते सहा असते. कुंडलिका दोन-तीनमध्ये येते, म्हणजे नवख्यांना जमण्यासारखी.

पोहता येत नसलं तरी चालतं, पण ते वाटाड्याला आधी सांगायचं, लाजायचं नाही. पोटुशी बाई, हृदयविकार किंवा फिट येणारी, नुकतंच ऑपरेशन झालेली, यांनी बसू नये. साडी नको, पंजाबी ड्रेस चालेल पण ओढणी घरी. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर मैत्रिणीला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे. “घट्ट होतंय गं” म्हणून सैल करायचं नाही. डोक्यावर हेल्मेट हवंच.

पाण्यात पडलात तर उभं राहायची धडपड करू नका. पाय दगडात अडकला की धार माणसाला खाली दाबते. उताणं व्हायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेनं ठेवायचे, म्हणजे दगड आला तर डोक्याला न लागता पायाला लागेल. दोर फेकला तर छातीशी धरा, हाताला गुंडाळू नका. हे आम्ही गटाच्या खोलीत सतरंजीवर झोपून करून बघितलं. हसून हसून पोट दुखलं, पण लक्षात राहिलं.

चौदा जणी तयार झाल्या आहेत. थोरल्या काकू होडीत बसणार नाहीत. त्या गाडीनं खाली, होडी लागते तिथं येऊन थांबणार. आमची मंगळसूत्रं, मोबाईल आणि कोरडे कपडे त्यांच्याकडे.